गेममधल्या गावात मुक्काम करताना

रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) खेळणाऱ्यांची एक सवय मोडायला हवी. जंगलातून, गुहांमधून, राक्षसांशी झुंजत खेळाडू एखाद्या गावात पोचतो. पोचल्याबरोबर शस्त्रांचं दुकान गाठतो, जुनी तलवार विकून नवी घेतो, औषधं भरतो, सराईत रात्र काढून जखमा भरून काढतो आणि वेशीबाहेर पडतो. दोन मिनिटांत गाव संपतं. विहिरीपाशी उभी असलेली बाई, मागच्या गल्लीतलं बंद घर, माडीवर पुस्तक वाचत बसलेला म्हातारा, सगळे तसेच राहून जातात. असं खेळूनही गेम पूर्ण होतो, पण शेवटी लक्षात राहतात फक्त लढाया. आरपीजी लिहिणारी मंडळी आपल्या कथेचा निम्मा जीव गावांमध्ये ओततात. त्यामुळे गेम निवडताना लढाईची पद्धत आणि ग्राफिक्स बघता, तशी त्यातली गावं कशी आहेत याचीही चौकशी करा. आणि मनासारखं गाव सापडलं की तिथे नीट राहा.

कोणाला कुठलं गाव आवडेल हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे. मात्र गावात राहायचं कसं, हे शिकता येतं आणि शिकावंही.

पहिलं गाव

सुरुवातीचं गाव लहान असतं. चार घरं, एक दुकान आणि आसपास दुबळे शत्रू. खेळाडूला वाटतं, इथे काय ठेवलंय? वास्तविक लेखकाने सगळ्यात जास्त विचार करून रचलेली जागा बहुतेक वेळा हीच असते. 1986 साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये युजी होरीई यांनी काय केलं ते बघा. राजवाड्यातून बाहेर पडलं की शेजारीच पहिलं गाव आहे आणि पाण्यापलीकडे खलनायकाचा किल्ला त्याच पडद्यावर दिसतो. शेवटची लढाई जिथे होणार ती जागा तुम्ही पहिल्या मिनिटाला पाहता, फक्त तिथे जायची वाट नसते. ती वाट शोधण्यासाठी गावोगाव फिरून लोकांशी बोलावं लागतं, आणि झालेली प्रगती नोंदवायला पुन्हा राजाकडेच यावं लागतं. पुढच्या असंख्य गेमनी हा नमुना उचलला.

पहिलं गाव किती महत्त्वाचं असू शकतं याचा माझ्या मते सर्वोत्तम दाखला ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये आहे. 1995 चा हा गेम एका जत्रेने सुरू होतो. राज्याला हजार वर्षं झाल्याचा उत्सव आहे, चौकात खेळ लागलेत, लोक नाचतायत. गर्दीत एका मुलीला तुमचा धक्का लागतो. ती पडते आणि तिच्या गळ्यातलं पदक बाजूला उडतं. आधी तिची विचारपूस करायची की आधी पदक उचलायचं? एका टेबलावर कोणाचं तरी जेवण ठेवलेलं आहे, ते खायचं का? एका लहान मुलीचं मांजर हरवलंय, ते तिच्याकडे पोचवायचं का? खेळाडू हे सगळं सहज, विचार न करता करून टाकतो. पुढे त्याच राज्याच्या न्यायालयात तुमच्यावर खटला उभा राहतो आणि जत्रेतली तुमची वागणूक एकेक करून पुराव्यादाखल मांडली जाते. सात पंच त्यावरून मत देतात. निकाल काहीही लागला तरी कथा पुढे जाते, पण आपण त्या चौकात कसे वागलो हे तिथे लख्ख समोर येतं. म्हणून हा गेम पहिल्यांदा खेळणार असाल तर जत्रेत चांगला अर्धा तास घालवा आणि ओळखीच्या कोणाकडूनही त्याबद्दल आधी काही ऐकू नका. आत्ता मी सांगितलं तेवढं पुरे.

माणसांशी बोलणं

गावातल्या प्रत्येकाशी बोला, आणि एकदा बोलून झाल्यावर पुन्हा बोला. पुष्कळ गेममध्ये दुसऱ्यांदा बोललं की वाक्य बदलतं. याचा सगळ्यात मोठा फायदा ‘फायनल फॅन्टसी 6’ (1994) खेळताना होतो, कारण त्यातली दोन गावं मुद्दाम जोडीने लिहिली आहेत. जिडूर हे श्रीमंतांचं गाव. मोठमोठी घरं, लिलावगृह, चित्रं लावलेल्या भिंती. तिथे सावकाश फिरलं की लोकांच्या बोलण्यातून कळतं, की या गावाने आपल्या गरिबांना हाकलून लावलं आणि ते डोंगराकडे जाऊन राहिले. त्यांचं गाव म्हणजे झोझो.

झोझोत पाऊस थांबत नाही. उंच, पडक्या इमारती, अंधारे जिने आणि रस्त्यात अंगावर धावून येणारे लुटारू. इथे जी माणसं बोलतात ती जवळजवळ सगळीच खोटं बोलतात. एका इमारतीत थांबलेलं घड्याळ आहे. त्याचा तासकाटा, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा तुम्हाला बरोबर जागी लावायचा असतो. वेळ किती ते विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी दोन म्हणतो, कोणी आठ. गाव खोटारडं आहे हे ज्याच्या लक्षात आलं त्याला युक्ती सुचते: जे जे सांगितलं जातंय ते ते खोडत जायचं, मग जे उरेल तेच खरं. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर दहा मिनिटांचं काम आहे. घड्याळ बरोबर लावलं की भिंतीमागची वाट उघडते आणि एक उपयोगी हत्यार मिळतं. हत्यार न घेताही गेम पूर्ण करता येतो. मला यात आवडतं ते असं, की जिडूरमध्ये कान उघडे ठेवणाऱ्याला झोझोतली माणसं अशी का वागतात हेही कळतं. गावातून हाकललेल्यांनी परक्याला खरं का सांगावं? 16-बिट यंत्रावरच्या चिमुकल्या चित्रांतून एवढं सांगून जाणारं लेखन फार थोडं आहे.

तुम्हाला रस्ता विचारत विचारत जायला आवडत असेल, तर ‘मॉरोविंड’ (2002) घ्या. आजच्या गेममध्ये पडद्यावर बाण असतो आणि खेळाडू त्या बाणामागे चालतो. मॉरोविंडमध्ये बाण नाही. सेडा नीन या दलदलीतल्या बंदरात तुम्ही बोटीतून उतरता, हातात एक पुडकं दिलं जातं आणि ते बालमोरा शहरातल्या केयस कोसाडेस नावाच्या माणसाला द्यायला सांगतात. त्याचं घर कुठे? साउथ वॉल नावाच्या दारूच्या गुत्त्यात चौकशी करा, एवढंच उत्तर. मग बालमोराला पायी जा किंवा सिल्ट स्ट्रायडर नावाच्या अवाढव्य कीटकाच्या पाठीवर बसून जा, नदीच्या काठाने गुत्ता शोधा, तिथे विचारा. शहर पायाखालून गेल्याशिवाय काम होत नाही आणि म्हणूनच ते कायमचं पाठ होतं. पहिले काही तास चिडचिड होईल. वही जवळ ठेवा आणि नेट लावा. वीस वर्षांपूर्वीची चित्रं सवयीने डोळ्यांना चालू लागतात.

नवीन गेममध्येही अशी मजा थोडी मिळवता येते. ‘द विचर 3’मध्ये सेटिंगमध्ये जाऊन मिनीमॅप लपवता येतो. ‘स्कायरिम’मध्ये जर्नलमधली क्वेस्ट निष्क्रिय केली की तिचा बाण जातो. जंगलात बाण असू द्या, गावात आलात की बंद करा. पाट्या, देवळाचा कळस, लोहाराच्या घणाचा आवाज यांवरून गाव कळू लागतं.

मोठी शहरं

महानगरांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. नकाशा मोठा म्हणजे शहर मोठं, असं नाही. कित्येक गेममध्ये शेकडो घरं असतात आणि त्यांतलं एकही दार उघडत नाही. शहर चांगलं की वाईट ते ओळखायची माझी कसोटी अशी, की त्या शहराचे स्वतःचे नियम आहेत का आणि ते मोडले तर काही घडतं का.

या कसोटीला ‘बाल्डर्स गेट 2’ (2000) मधलं अथकातला पुरेपूर उतरतं. भुयारातून सुटून तुम्ही थेट तिथल्या गजबजलेल्या बाजारात बाहेर पडता. शहरात उघड्यावर जादू करायला बंदी आहे. केलीत, तर काउल्ड विझर्ड्स नावाचे जादूगार येऊन समज देतात, आणि ऐकलं नाही तर हल्ला करतात. परवाना हवा असेल तर सरकारी कचेरीत जाऊन 5000 सोन्याची नाणी मोजा. सुरुवातीला एवढे पैसे नसतातच, कारण त्याच वेळी कथा पुढे नेण्यासाठी वीस हजारांची मागणी डोक्यावर असते. मग झोपडपट्टीतल्या गुत्त्यापासून बंदरापर्यंत कामं शोधत फिरायचं. या एका अडचणीने सगळं शहर उघडतं. इथे माझा सल्ला एकच: पैशांची घाई करू नका. वीस हजार जमले तरी लगेच देऊन टाकू नका, कारण या गेमचा सर्वांत रसाळ भाग ते पैसे जमवण्यातच आहे.

‘द विचर 3’ (2015) मधलं नोव्हिग्राड दुसऱ्या प्रकारचं. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने ते बांधलं आणि त्यात ग्दान्स्कसारख्या जुन्या बंदरांची छाप स्पष्ट दिसते: विटांची उंच घरं, धक्क्यावरच्या याऱ्या, चिखलाच्या गल्ल्या. नाव ‘स्वतंत्र नगर’, पण मुख्य चौकात धर्माच्या नावावर माणसं जाळली जातात. या शहरात घोड्यावरून दौडत जाऊ नका. वेशीशी घोडा सोडा आणि चाला. रस्त्यातली माणसं आपसात जे बोलतात त्यात शहराची भीती ऐकू येते. सूचनाफलकावर लावलेले कागदही सगळे वाचा, ज्यांतून कोणतंही काम मिळत नाही तेसुद्धा. (हा गेम प्रौढांसाठी आहे. घरातल्या शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका.)

‘स्कायरिम’ (2011) मधलं व्हाइटरन या दोन्हींपुढे खेडंच. मोजकी माणसं राहतात. तरी नव्या खेळाडूला मी आधी तिथेच पाठवेन, कारण तिथे घड्याळाप्रमाणे चालणारा दिवस बघायला मिळतो. वेशीतून आत आलं की उजव्या हाताला लोहारीण बाहेर भट्टीवर काम करताना दिसते. पुढे बाजाराचा चौक आहे. सकाळी आठला दुकानं उघडतात, रात्री आठला बंद होतात, आणि मग चौकातली मंडळी ‘बॅनर्ड मेअर’ नावाच्या सराईत किंवा आपापल्या घरी जातात. एक दिवस काहीही क्वेस्ट न घेता एका भाजीवालीच्या मागे चालत राहा. ती कुठे जाते, कोणाशी बोलते, कुठे झोपते ते बघा. एवढं केल्यावर त्या गावावर ड्रॅगन चालून आला की लढताना हात वेगळे चालतात.

परत जाण्यासारखी गावं

मला विचाराल तर सगळ्यात आवडती गावं ही, ज्यांच्या लक्षात गोष्टी राहतात. जपानच्या फाल्कॉम कंपनीची ‘ट्रेल्स’ मालिका यात अव्वल आहे. 2004 च्या ‘ट्रेल्स इन द स्काय’मध्ये कथेत काही घडलं की गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचं बोलणं बदलतं. दुकानदाराचा मुलगा आधी कुरकुर करत असतो, मग कामाला लागतो. एखादं जोडपं भांडतं, चार घटनांनंतर त्यांचं काय झालं ते कळतं. या माणसांचा मुख्य कथेशी संबंध नसतो. गाठ पडली नाही तर कोणी तुम्हाला सांगायलाही येणार नाही. खेळायची पद्धत ठरवून घ्या: कथेचा एक टप्पा झाला की गावाला एक फेरी, मगच पुढे. गेमची लांबी त्याने बरीच वाढते, म्हणून ज्यांना रोज अर्धा-पाऊण तासच मिळतो त्यांनी फक्त चार-पाच माणसं निवडून त्यांचाच पाठपुरावा करावा. 2025 मध्ये या गेमची नवी आवृत्ती आली आहे. नव्याने सुरू करणाऱ्याने तीच घ्यावी.

‘फायनल फॅन्टसी 6’मध्येही मध्यावर जगच बदलतं आणि आधी पाहिलेली गावं पुन्हा पाहायची वेळ येते. तिथे काय दिसतं ते लिहीत नाही. पण पूर्वार्धात ज्या गावांतून तुम्ही नुसते पळत गेलात, ती उत्तरार्धात तुम्हाला काहीही सांगू शकणार नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

उजाड गावांचं थोडक्यात सांगतो. 1985 च्या ‘अल्टिमा 4’मध्ये आठ सद्गुणांची आठ गावं आहेत. त्यांतलं नम्रतेचं मॅजिन्शिया गर्वापायी नष्ट झालं आहे आणि तिथे फक्त भुतं उरली आहेत. नम्रता शिकायची ती या भुतांच्या गावात. ‘पोकेमॉन’च्या पहिल्या गेममधलं लॅव्हेंडर टाउन हे मेलेल्या पोकेमॉनच्या समाध्यांचं गाव. लहान मुलांच्या गेममध्ये मृत्यूला असं साधेपणाने जागा देणं धाडसाचं होतं. अशा गावांत दुकानापेक्षा संगीत महत्त्वाचं. हेडफोन लावा.

स्वतः वसवायचं गाव

काहींना तयार गावात फिरण्यापेक्षा गाव उभारण्यात रस असतो. त्यांच्यासाठी ‘सुइकोडेन 2’ (1998) आहे. एका ओसाड किल्ल्यात तुम्ही मुक्काम टाकता आणि देशभरातून माणसं गोळा करून आणता. एकूण 108, कारण मालिकेचा आधार ‘शुई हू च्वान’ ही चिनी कादंबरी आहे. आचारी आला की स्वयंपाकघर सुरू होतं, शेतकरी आला की शेत होतं, कोणी हमामखाना काढतो. माणसागणिक किल्ला भरत जातो. 2025 मध्ये पहिल्या दोन भागांची सुधारित आवृत्ती निघाली आहे. पहिला भाग आधी खेळा, कारण त्याचा सेव्ह दुसऱ्या भागात नेता येतो.

मात्र गाव वसवण्याची सगळ्यात बोचरी गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधी ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’ (1988) मध्ये सांगून झाली होती. रानातल्या एका मोकळ्या जागी एक म्हातारा एकटाच उभा असतो. त्याला इथे गाव वसवायचं आहे आणि त्यासाठी एक व्यापारी हवा आहे. तुम्ही आपल्या चमूतला व्यापारी त्याच्याकडे सोडून निघता. काही काळाने परत येता तर दुकान उघडलंय. आणखी काही काळाने घरं झालीत, करमणुकीचं थिएटर आलंय, आणि गावाला तुमच्या व्यापाऱ्याचंच नाव आहे. पुढच्या खेपेला लोक दबक्या आवाजात तक्रार करतात: हा माणूस राबवून घेतो, कोणाचं ऐकत नाही. त्याच्या पुढच्या खेपेला उठाव झालेला असतो आणि तो तुरुंगात असतो. एका महत्त्वाच्या वस्तूचा ठावठिकाणा तो तिथून सांगतो. नेमणूक तुम्ही केलेली, नाव तुम्ही ठेवलेलं. या कामासाठी सराईतून नवा व्यापारी तयार करून घ्या, मुरलेला गडी गमावू नका, आणि मधल्या खेपा चुकवू नका. बरेच जण थेट शेवटी पोचतात आणि गावाची वाढ त्यांच्या हातून निसटते.

याच गेममध्ये आपल्या ओळखीचं एक गाव आहे. त्याच्या जगाचा नकाशा पृथ्वीवरून बेतलेला आहे. पोर्तुगालच्या जागी पोर्तोगा आहे, जपानच्या जागी जिपांग, आणि भारताच्या जागी नदीकाठी बहाराता. तिथे मिरी विकणारा गुप्ता आहे. पोर्तोगाच्या राजाला काळी मिरी आणून दिली की तो तुम्हाला जहाज देतो. मलबारच्या मिरीसाठी पोर्तुगीज किती लांबून आले ते आपण शाळेत शिकलो. इथे तोच व्यापार तुम्ही उलट्या दिशेने, मिरी घेऊन राजाकडे जात करता. बहारातात पोचलात की घाई करू नका, गुप्ताची आणि त्याच्या प्रेयसीची, तानियाची, गोष्ट पुरी करा.

सुरुवात कुठून करावी

कन्सोल किंवा महागडा कॉम्प्युटर लागतोच असं नाही. ‘क्रोनो ट्रिगर’, ‘फायनल फॅन्टसी 6’, ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’ आणि ‘बाल्डर्स गेट 2’ साध्या अँड्रॉइड फोनवर किंवा आयफोनवर मिळतात. ‘अल्टिमा 4’ कॉम्प्युटरवर जीओजी या दुकानातून फुकट घेता येतो. ‘विचर’ आणि ‘स्कायरिम’ सेलमध्ये बरेच स्वस्त होतात, तोवर थांबा. संवाद इंग्रजीत असतात. वाचायला वेळ लागत असेल तर सेटिंगमध्ये अक्षरांची गती कमी करा. गाव वाचताना मागे कोणी लागलेलं नसतं.

पहिला गेम म्हणून मी ‘फायनल फॅन्टसी 6’ सुचवेन. एक विनंती मात्र पाळा: झोझोच्या घड्याळाचं उत्तर इंटरनेटवर शोधू नका.